आवडतं पुस्तक किंवा गेम पडद्यावर आलं की तुमचं काय होतं?

गोदाकाठ (नांदेड)

मंडळी, कादंबरीवरचा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: ‘पुस्तकातली मजा नाही राव.’ आता गेम खेळणारी पोरंसुद्धा तेच म्हणायलेत. मला या वाक्याचा कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. पुस्तक वाचताना माणसाचा चेहरा आपण ठरवतो. गेममध्ये चेहरा आयता मिळतो, पण हात आपला असतो. दार आपण उघडतो, गोळी आपण झाडतो, खड्ड्यात पडून मरतोही आपणच. पडदा हे दोन्ही काढून घेतो. मग बदल्यात तो काय देतो, तेवढंच बघायचं. मूळ कथेशी इमान राखलं की नाही, याचं मला फारसं काही वाटत नाही.

‘सिंहासन’ घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या. तेंडुलकरांनी पटकथेत त्या एकत्र केल्या आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा केला. दोन कादंबऱ्यांतलं किती गळलं असेल! पण त्याचा हिशोब कुणी मांडत नाही, कारण शेवटी निळू फुल्यांचा दिगू टिपणीस वेड्यागत हसत सुटतो. मंत्र्यांच्या बंगल्यांवर हेलपाटे घालून त्या पत्रकारानं जे जे बघितलं, ते सगळं त्या हसण्यात आलं. माझे पैसे वसूल.

तर नुसतं ‘पुस्तकच भारी’ लिहून जाऊ नका. काय काढलं, काय घातलं आणि त्यानं काय झालं ते लिहा. गेमवाल्यांनीही बिनधास्त यावं. रसभंग होणार आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच वळावं.

सातबारा (परभणी)

पहिला नंबर माझा.

बाकी पटलं, पण सिनेमा चेहरा ‘काढून घेतो’ याचं एवढं दुःख कशाला? काही चेहरे सिनेमानं दिले तेव्हा कुठं पुस्तक उमगलं. ‘नटरंग’ मी कॉलेजात वाचली होती. आनंद यादवांचा गुणा कागलकर मला दिसलाच नव्हता. तालमीतला गडी आणि तमाशातला नाच्या, हे दोन्ही एकाच अंगात बसवणं माझ्या डोक्याला झेपेना. २०१० च्या जानेवारीत सिनेमा आला. अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी तेच उतरवलं. दंड गेले, खांदे गेले, मनगट वळायला लागलं. तेव्हा कळलं की कादंबरी या अंगाबद्दलच आहे. घरी येऊन परत वाचायला घेतली.

आणि हो, धागाकर्त्यानं सकाळी सात वाजता एवढं लांबलचक लिहिलं म्हणजे आज शाळेला सुट्टी दिसते.

गोदाकाठ (नांदेड)

सातबारा, सुट्टी नाही, दुपारची पाळी आहे. नटरंगचा मुद्दा मान्य. माझ्या यादीत ‘सिंहासन’च्या शेजारी त्याला जागा.

खिडकीजवळची_जागा (लातूर)

मला ‘फास्टर फेणे’बद्दल लिहायचंय. २०१७ चा सिनेमा, आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, निर्मात्यांत आपल्या बाभळगावचा रितेश. त्यामुळे लातुरात कौतुकच कौतुक.

भा. रा. भागवतांचा फाफे ज्यांनी वाचलाय त्यांना ठाऊक आहे: फुरसुंगीचा बनेश फेणे, हडकुळा, सायकलवर सुसाट, तोंडात ‘ट्टॉक’. शाळकरी पोरगा, कुठल्याही भानगडीत नाक खुपसणारा. सिनेमातला अमेय वाघ मात्र मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेच्या रॅकेटमध्ये गुंततो. वाचक म्हणून माझं डोकं फिरलं. फाफेला परीक्षा? तोही डॉक्टर होणार?

पण मी राहते लातूरच्या ट्यूशन एरियाजवळ. इथं गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, अभ्यासिका, चौकात रँकवाल्या पोरांचे फोटो लावलेले फलक. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत अशीच दहा-बारा पोरं बसली होती, रविवारची टेस्ट देऊन आलेली. त्यांच्यातल्या एकालाही फाफे ठाऊक नव्हता. पण परीक्षेची भानगड सुरू झाली तशी ती खुर्चीच्या टोकावर आली. गिरीश कुलकर्णीचा आप्पा दिसला की एकजण दबक्या आवाजात शिव्या घालायचा. त्यांच्यासाठी तो पुण्याचा सिनेमा नव्हताच.

म्हणजे बदलाला कारण होतं आणि ते लागू पडलं. तरी माझी तक्रार राहतेच. पुस्तकातला फाफे नुसत्या कुतूहलापायी धावतो. त्याला मिळवायचं काहीच नसतं. आताच्या पोराला पडद्यावर धावायचं तर आधी हॉलतिकीट लागतं. हे सिनेमाचं पाप की आपलं, ते मी ठरवत नाही. प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवत म्हणून उभं केलं, ते मात्र मला फार आवडलं. लेखक आपल्याच पोराला घरात आसरा देतो! ही गंमत पुस्तकात असणं शक्य नव्हतं.

जर्मनी_परभणी (परभणी)

ताई, दूरदर्शनवरचा सुमीत राघवनचा फाफे बघितलाय का? आमच्या घरी तोच खरा. अमेय वाघ येऊ दे नाहीतर आणखी कुणी.

खिडकीजवळची_जागा (लातूर)

मोठ्या भावाकडून ऐकलंय फक्त. तेव्हा आमच्याकडं टीव्ही शेजाऱ्यांचा आणि वीज महावितरणच्या आधीच्या देवाची.

मुरमाड (जालना)

पुस्तकांचं ठीक आहे हो. पण गेमवर सिनेमा म्हणजे काय? गेमला कथा असते का? आमचा भाचा दिवसभर ‘मागून येतोय, मागून येतोय’ ओरडायचा. सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जी बंद केलं तेव्हा त्यानं घरात सुतक पाळलं. त्यात कथा कुठली?

लोडिंग_९९ (बीड)

मुरमाड काका, पब्जीत कथा नाहीच, म्हणून तर त्याच्या सिनेमाची कुणी वाट बघत नाही. सगळे गेम एका दावणीला बांधू नका.

पण कथा नसली तरी सिनेमा चालतो, हे पण खरंय. मारिओत कथा काय? राजकन्या पळवली, आणायला जा. १९९३ मध्ये त्याच्यावर खऱ्या नटांचा सिनेमा काढला होता, बॉब हॉस्किन्स मारिओ. सपशेल आपटला. बनवणाऱ्यांना गेमचीच लाज वाटत असावी असा तो सिनेमा आहे, अंधारं शहर, ओल, कोंदटपणा. मशरूम खाऊन उड्या मारणाऱ्या प्लंबरला एवढं गंभीर करायचं काय नडलं होतं? २०२३ चा ॲनिमेशनवाला आला तो रंगीत, उड्या मारणारा, नाणी वाजणारा. कमाई १३० कोटी डॉलरच्या वर. त्यांनी कथा शोधायच्या भानगडीत न पडता खेळाचा उत्साह उचलला.

सॉनिक या गेमवरच्या सिनेमाचं तर आणखी मजेशीर. २०१९ मध्ये ट्रेलर आला तर त्या निळ्या काटेरी प्राण्याला माणसासारखे दात! लोकांनी असा गोंधळ घातला की अख्खं पात्र नव्यानं काढावं लागलं आणि सिनेमा नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेला. कादंबरीच्या वाचकांचं कुणी असं ऐकलंय कधी?

जुना_प्रिन्स (छत्रपती संभाजीनगर)

या धाग्यासाठीच मी हे नाव घेतलं होतं बहुतेक.

नव्वदच्या दशकात औरंगपुऱ्याकडं कॉम्प्युटरचे वर्ग निघाले होते. चप्पल बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं. शिकायचं डॉस आणि बेसिक, पण सर चहाला गेले की प्रत्येक मशीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मध्ये कडेला लोंबकळणं, निखळणाऱ्या फरशा आणि जमिनीतून वर येणारे ते सुळे. पहिल्यांदा सुळ्यांवर पडलो तेव्हा शेजारची मुलगी किंचाळली होती, इतकं ते खरं दिसायचं. खरं दिसायचं कारण नंतर वाचलं. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. गेम आला १९८९ मध्ये. त्या चार रंगांच्या बाहुल्याला माणसाचं वजन होतं. उडी मारून थांबायचं तर दोन पावलं आधी विचार करावा लागायचा.

सिनेमा आला २०१० मध्ये, जेक जिलनहाल. तो २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’वर आहे. या गेममध्ये एक खंजीर असतो, त्यातल्या वाळूनं वेळ मागं फिरवता येते. उडी चुकली, वेळ मागं घ्या, परत मारा. आणि त्यातली खरी करामत ऐका: सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः कुणाला तरी सांगतोय असं धरलेलं आहे. त्यामुळे तुम्ही मेलात की तो म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं. म्हणजे आपली चूक ही सांगणाऱ्याची चूक! खेळणाऱ्याचं मरणसुद्धा गोष्टीत बसवलं.

सिनेमात काय उरलं? खंजीर आहे, वाळू आहे, वेळ मागं जातो. पण नायक वापरतो तेव्हा आपण नुसती आतषबाजी बघतो. मरणार तो नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. गोदाकाठ म्हणतात तो हात इथं गेला आणि बदल्यात वाळवंट, घोडे आणि शहामृगांची शर्यत मिळाली. मेकनरचा स्वतःचा कथेत सहभाग होता बरं का. तेव्हा ‘मूळ लेखकाला विचारलं असतं तर’ हे पालुपद बंद करा.

मुरमाड (जालना)

हे त्या राजपुत्रानं ‘असं नव्हतं झालं’ म्हणण्याचं आवडलं. आमच्या तलाठ्याला शिकवायला पाहिजे.

देवगिरी_एक्सप्रेस (छत्रपती संभाजीनगर)

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर कुणीच बोलेना. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, तिच्यावरून २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’. शिवाजी सावंतांचा ‘छावा’ १९७९ चा, सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला.

माझं निरीक्षण एवढंच. काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’वर एकत्र नाचल्या तेव्हा आरडाओरडा झाला, पण गाणं राहिलं. दहा वर्षांनी ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले आणि प्रसंगच काढून टाकला. इथं पुस्तकात काय होतं हा प्रश्नच येत नाही. लोक कादंबरीशी नाही, मनातल्या मूर्तीशी ताडून बघतात. त्यामुळे गोदाकाठ, तुमची ‘काय काढलं, काय घातलं’ ही मोजपट्टी इथं चालणार नाही.

‘छावा’ बघितला तेव्हा थिएटरात शेवटची वीस मिनिटं कुणी मोबाइल काढला नाही. पण सिनेमा बुऱ्हाणपूरच्या लुटीपासूनच सुरू होतो. कादंबरीतला वाढत जाणारा संभाजी त्यात जवळपास नाही. एकदम तलवार उगारलेला माणूस भेटतो. जाडजूड पुस्तकातून शेवटाकडची शंभर-दीडशे पानं ओढून काढल्यासारखं वाटलं मला.

जर्मनी_परभणी (परभणी)

‘पिंगा’बद्दल माझं वेगळं मत आहे. नाचल्या त्याचं काही नाही. पण भन्साळींच्या सिनेमात सगळी माणसं झुंबराखाली उभी राहिल्यासारखी बोलतात. ‘राऊ’तला बाजीराव घरच्या लोकांपुढं हतबल होतो, ते मला जास्त लागलं होतं. शनिवारवाड्याचा आरसेमहाल केला की घरगुती भांडण दिसेनासं होतं.

संपादक

‘छावा’वरून सुरू झालेले राजकारणाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. सिनेमा आणि पुस्तकावर बोला. खुलताबादच्या (औरंगजेबाच्या कबरीच्या) विषयाला दुसरे धागे आहेत आणि तेही आम्ही बंद केलेत.

सातबारा (परभणी)

संपादक जागे आहेत म्हणजे.

जर्मनी_परभणी (परभणी)

मी आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येते. सुजय दहाके. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर त्यानंच सिनेमा केला आणि २०२३ ची कृष्णधवल ‘श्यामची आई’ पण त्याचीच.

‘शाळा’ अख्खी मुकुंदाच्या डोक्यात घडते. आणीबाणी चालू आहे, पण त्याला पडलंय शिरोडकर या मुलीचं. पोराची ती चाललेली बडबड हीच कादंबरी. ती पडद्यावर आणायची कशी? सिनेमात ती पुष्कळशी गेली, आणि शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरचं नुसतं मान वळवून बघणं आलं. मला तो सौदा पटला. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र सिनेमा संथ वाटला, कारण तिनं कादंबरी वाचली नव्हती. मी मनातल्या मनात मुकुंदाची बडबड भरत होते, ती कुठून भरणार?

आणि ‘श्यामची आई’. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, वनमालाबाई आणि माधव वझे घराघरांत पोचले. आमच्याकडं शाळेत गॅदरिंगच्या आधी तो दाखवायचे आणि मुलींना रडायची सक्ती असल्यासारखं वातावरण असायचं. पुस्तकात मात्र एक गोष्ट आहे जी आपण विसरतो: ती आईची गोष्ट नाही, आई गेल्यावर मोठ्या झालेल्या माणसानं रात्रीमागून रात्र मित्रांना सांगितलेली गोष्ट आहे. ‘रात्र पहिली’ अशीच प्रकरणं. लिहिली नाशिकच्या तुरुंगात. दहाकेच्या सिनेमात ओम भूतकरचे साने गुरुजी आहेत, म्हणजे सांगणारा माणूस परत आला. गर्दी फार झाली नाही, पण पुस्तकाचा सांगाडा कुणाला दिसला असेल तर त्याला.

गोदाकाठ (नांदेड)

वा. सांगणारा माणूस परत आणणं, हे ‘असं नव्हतं झालं’ म्हणणाऱ्या राजपुत्राच्या शेजारी ठेवायला हवं. जुना_प्रिन्स, बघा, तुमचे नातेवाईक सापडले.

मुकुंदराज_पायथा (अंबाजोगाई)

सगळं वाचलं. आता माझं गाऱ्हाणं. एवढी पुस्तकं, एवढे सिनेमे झाले, यात मराठवाडा कुठाय? माणदेशची ‘बनगरवाडी’ झाली, पालेकरांनी १९९५ मध्ये केली. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’वरून ‘जोगवा’ झाला. आपल्याकडचं काय? पडद्यावर मराठवाडा म्हणजे भेगाळलेली जमीन, हंडा घेतलेली बाई आणि झाडाला लटकलेला दोर. तो आहेच, नाही कोण म्हणतं? पण त्या भेगाळलेल्या जमिनीवर माणसं लग्नं लावतात, भावकीत भांडतात, येळवसेला (वेळ अमावस्येला) आंबील पितात.

आम्ही कॉलेजात असताना विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’वर एकांकिका बसवली होती. शाळेच्या पुस्तकात होती ही कथा, त्यामुळे प्रेक्षकाला आधीच माहीत: बापू बाजारात टोमॅटो घेऊन जातो, भाव मिळत नाही, शेवटी तोच माल पायांनी तुडवतो. पहिला वाद टोमॅटोवरूनच. निम्म्यांचं म्हणणं, खरे टोमॅटो पाहिजेत. तालमीत एक क्रेट आणून तुडवून बघितलं. समोर बसलेली पोरं पाय वर घेऊन बसली, कपड्यावर उडू नये म्हणून. बापूकडं कुणी बघेना! शिवाय चिखल लाल होतच नाही हो, आमच्या स्टेजवर तो नारिंगी पाणचट झाला, बिया सगळीकडं. मग दिग्दर्शकानं टोमॅटोच बंद केले. रिकामी डालगी, खाली ओली पोती, आणि बापू नाचतोय त्याच्याकडं एकटक बघणारा पोरगा. लाईट पोरावर. कथा सांगतो तो पोरगाच ना! प्रेक्षकांनी टोमॅटो आपापले घातले. बक्षीस मिळालं नाही, परीक्षक म्हणाले, ‘प्रॉपर्टी कमी पडली.’

पडद्यावर मला बघायची आहे ती रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’. १९७१ ची कादंबरी. गावातल्या शिंप्याचं घर, आणि सगळं बायकोच्या तोंडून, आपल्याकडच्या बोलीत. त्यात ना पाटलाचा वाडा, ना बंदूक. एका घराची हळूहळू वाताहत. बोराडे सर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्या ‘आमदार सौभाग्यवती’चं नाटक लोकांनी उचलून धरलं होतं. ‘पाचोळा’ला कॅमेरा लागेल तो घरातलाच, दाराबाहेर फार जायची गरज नाही.

सातबारा (परभणी)

पाचोळाला जोरदार पाठिंबा. फक्त बायकोचं काम करणारी पोरगी इकडचीच घ्या. नाहीतर पुण्याची नटी ‘करूलाले, जाऊलाले’ पाठ करून येते आणि दर वाक्यात ‘लाले’ घालते.

खिडकीजवळची_जागा (लातूर)

सातबारा +१. आणि बोली विनोदी पात्रालाच का? मकरंद अनासपुरेंनी आपली बोली पडद्यावर नेली हे मोठंच काम. पण त्यांच्यानंतर ज्यानं त्यानं ती फक्त हशा काढायला वापरली. रडणारा, विचार करणारा, प्रेमात पडलेला माणूस आला की तो एकदम सदाशिव पेठेत शिकल्यासारखा बोलतो. ‘पाचोळा’त बाई त्याच बोलीत घर कोसळताना सांगते. म्हणून ती हवी.

मुरमाड (जालना)

रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ विसरू नका. ते बुलढाण्याचे, म्हणजे आमच्या जालन्याला चिकटूनच. साक्षरता अभियानातले मास्तर, कागदोपत्री शिकलेले म्हातारे. पुरुषोत्तम बेर्ड्यांनी २००९ मध्ये सिनेमा केला, अशोक सराफ, अनासपुरे. मी त्या अभियानात स्वतः काम केलंय. कादंबरी वाचताना हसू यायचं आणि मग घशात अडकायचं. सिनेमात हसू आलं, अडकलं नाही. मोठे विनोदी नट घेतले की प्रेक्षक तिकिटासोबत हसू घेऊनच आत येतो.

देवगिरी_एक्सप्रेस (छत्रपती संभाजीनगर)

मग अनंत भालेरावांचं ‘पेटलेले दिवस’ पण यादीत घ्या. हैदराबादचा मुक्तिसंग्राम आतून बघितलेल्या माणसानं लिहिलेला. दर १७ सप्टेंबरला भाषणं ऐकतो आपण, त्यापेक्षा त्यातली दोन प्रकरणं मालिकेत दाखवा.

लोडिंग_९९ (बीड)

गाडी पार कुठं गेली! मला गोदाकाठ सरांच्या हाताच्या मुद्द्यावर यायचंय, कारण त्याला एक मोठं उदाहरण आहे: ‘द लास्ट ऑफ अस’.

गेम २०१३ चा, नॉटी डॉग कंपनीचा. मालिका जानेवारी २०२३ ला एचबीओवर आली. गेम लिहिणारा नील ड्रकमन मालिकेतही आहे, क्रेग मेझिनच्या जोडीला. बुरशीमुळं जग बुडालेलं, आणि जोएल नावाचा माणूस एली या पोरीला देशाच्या दुसऱ्या टोकाला नेतोय.

सुरुवात बघा. गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही जोएल नसताच. त्याची मुलगी सारा असता. रात्री जाग येते, बाबा दिसत नाहीत, तुम्ही तिला घरभर फिरवता, दिवा लावता, फोन वाजतो. पाच-दहा मिनिटं तिचे पाय तुमचे. आणि मग ती मरते. मालिकेत हात देता येत नाही, म्हणून त्यांनी काय केलं? साराला अख्खा दिवस दिला. ती सकाळी नाश्ता करते, बापाचं घड्याळ दुरुस्त करून आणते, शेजारच्या म्हातारीकडं बसते. गेममध्ये दिवस नाहीच. हा मोबदला मला शंभर टक्के पटला.

तिसरा भाग तर सगळाच बदलला. गेममध्ये बिल नावाचा खडूस माणूस भेटतो आणि त्याचा जोडीदार फ्रँक फास घेतलेला सापडतो, वर बिलला शिव्या देणारी चिठ्ठी. मालिकेत त्या दोघांचा सोळा वर्षांचा संसार दाखवला, स्ट्रॉबेऱ्या पिकवतात, म्हातारे होतात. गेमचे काही कट्टर भक्त खवळले. पण गेममध्ये बिलचं गाव म्हणजे सापळे आणि मारामारी, ती बघायला काय मजा? ती करायची असते.

शेवटचा हॉस्पिटलचा प्रसंग मात्र मला मालिकेत कमी पडला. एलीचा मेंदू काढला तर कदाचित जगाला औषध मिळेल. जोएल सगळ्यांना मारत तिच्यापर्यंत जातो. गेममध्ये मी ऑपरेशनच्या खोलीत पोचलो, डॉक्टर हातात चाकू घेऊन उभा, आणि पुढं काहीच होईना. मी थांबलो तर गेमही थांबला. बटण दाबल्याशिवाय गोष्ट सरकत नाही. दाबलं. मालिकेत जोएल झालेला पेड्रो पास्कल तेच करतो, सुंदर करतो, पण ते त्यानं केलेलं असतं.

गोदाकाठ (नांदेड)

लोडिंग, हेच मला म्हणायचं होतं आणि मी गेम खेळलेलो नाही. ‘मी थांबलो तर गेमही थांबला’ हे कादंबरीत होत नाही. वाचक थांबला तरी डॉक्टर मेलेलाच असतो पुढच्या पानावर.

जर्मनी_परभणी (परभणी)

पण मग न खेळलेल्याला मालिका कमीच कळते असं म्हणायचंय का तुम्हा दोघांना? माझ्या बहिणीचं ‘शाळा’च्या वेळी झालं तसं?

लोडिंग_९९ (बीड)

नाही ना ताई, उलट झालं. माझ्या आईनं मालिका माझ्यासोबत बघितली, हिंदीत लावून. तिनं आयुष्यात कधी रिमोटशिवाय बटण दाबलं नाही. हॉस्पिटलच्या प्रसंगाला ती शांत. बापानं पोरीसाठी केलं, विषय संपला तिच्या लेखी. पण शेवटी एली विचारते आणि जोएल शपथेवर खोटं सांगतो, तिथं आई भडकली. ‘मारलं ते मारलं, पोरीशी खोटं कामून बोलला?’ मी चकित. गेम खेळल्यापासून मला हॉस्पिटलचंच टोचत होतं, त्या खोट्याचा मी एवढा विचार केलाच नव्हता. माझा हात गुंतलेला होता, तिचा नव्हता, म्हणून तिला पुढचं दिसलं.

जर्मनी_परभणी (परभणी)

आईंना साष्टांग. गोदाकाठ, तुमच्या हाताच्या मुद्द्याला मोठं छिद्र पडलं.

गोदाकाठ (नांदेड)

पडलं खरं. लोडिंग, आईंना दुसरा सीझन दाखवलास का?

लोडिंग_९९ (बीड)

दाखवला, तिथंच तर घोळ झालाय. २०२० च्या दुसऱ्या गेममध्ये ॲबी नावाची मुलगी जोएलला मारते, आणि निम्मा गेम आपल्याला त्या ॲबीच्याच हातानं खेळायला लावतात. लोकांनी कंट्रोलर आपटले होते. तिनं का मारलं ते गेममध्ये उशिरा कळतं. मालिकेनं ते आधीच सांगून टाकलं: हॉस्पिटलात जोएलनं ज्या डॉक्टरला मारलं, तो तिचा बाप. आईनं ते ऐकलं आणि सरळ पार्टी बदलली. आता ती ॲबीकडून आहे, मी एलीकडून. तिसरा सीझन येईपर्यंत जेवताना हा विषय काढायचा नाही असं पप्पांनी जाहीर केलंय.

सातबारा (परभणी)

पप्पा कुणाकडून?

लोडिंग_९९ (बीड)

पप्पा ‘सिंहासन’कडून. ते म्हणे, तेवढा एकच सिनेमा खरा, बाकी सगळी पोराटोरांची कामं.